दीर्घिकांतील धूळ, वायू आणि तारे : नांदेड-लातूरकडील संशोधनाचे एक वाचन

दीर्घिकांचा पाठ शिकवताना फळ्यावर एक आकृती हमखास काढली जाते. डावीकडे लंबवर्तुळाकार दीर्घिका, मग दोन फाटे, आणि त्या फाट्यांवर सर्पिल दीर्घिका. एडविन हबल यांच्या १९३६ सालच्या ‘द रेल्म ऑफ द नेब्युली’ या पुस्तकातून ही आकृती जगभर गेली. डावीकडच्यांना ‘आद्य प्रकारच्या’ आणि उजवीकडच्यांना ‘उत्तर प्रकारच्या’ दीर्घिका म्हणतात. ही नावे वयाची नाहीत, केवळ आकृतीतील जागेची आहेत. विद्यार्थी मात्र ती वयाचीच समजतात.

या आकृतीबरोबर एक वाक्यही फळ्यावर येते : ‘लंबवर्तुळाकार दीर्घिकांत वायू आणि धूळ नसते, म्हणून तेथे नवे तारे जन्माला येत नाहीत.’ अनेक पुस्तकांत ते याच शब्दांत किंवा थोड्या फरकाने आढळते. वाक्य सुटसुटीत आहे, परीक्षेला सोयीचे आहे, आणि त्याचा पहिला भाग चुकीचा आहे. दुसऱ्या भागातील ‘म्हणून’ हा शब्द तर त्याहून अधिक तपासण्यासारखा आहे.

हे वाक्य आज आम्ही हाती घेतले त्याला एक स्थानिक कारणही आहे. ते खोडून काढण्याच्या कामात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा वाटा आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या भौतिकीय विज्ञान संकुलात आद्य प्रकारच्या दीर्घिकांतील धूळ हा अभ्यासाचा विषय राहिला. पुढे लातूर आणि उदगीर येथील महाविद्यालयांतील अध्यापकांची नावेही अशा संशोधननिबंधांवर दिसू लागली. आपल्याकडे अशा कामाचे कौतुक होते, सत्कार होतात, पण निबंध कोणी वाचत नाही. संशोधन टीका करण्याइतके बारकाईने वाचणे हाच त्याचा खरा मान, असे आम्हाला वाटते. येथे आम्ही प्रामुख्याने दोन निबंध पाहणार आहोत. त्यांच्याशी आमचा वैयक्तिक संबंध नाही.

त्याआधी धुळीचा आणि ताऱ्यांचा संबंध काय ते पाहू. तारे जन्मतात ते रेण्वीय हायड्रोजनच्या थंड ढगांत. या ढगांचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अवघे १० ते २० अंश असते. पण विश्वात सर्वाधिक असलेला हा रेणू थंड स्थितीत जवळजवळ अदृश्य आहे. त्याचे दोन्ही अणू एकसारखे असल्याने विद्युतभार एका बाजूला झुकत नाही, आणि म्हणून तो रेणू फिरताना रेडिओ लहरी सोडत नाही. त्याला उत्सर्जनाच्या पहिल्या पायरीवर चढवायलाच सुमारे ५०० अंशांइतकी ऊर्जा लागते. ती थंड ढगात कुठून येणार? मग ज्योतिर्विद त्याच्यासोबत असणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा आधार घेतात. १९७० साली विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांनी मृगातील तेजोमेघाच्या दिशेने या रेणूची २.६ मिलिमीटर तरंगलांबीची रेषा प्रथम टिपली. हायड्रोजनच्या साधारण दहा हजार रेणूंमागे कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू असतो. माळेगावच्या यात्रेतील माणसे मोजता येत नाहीत म्हणून फुगेवाले मोजावेत आणि ‘दर दहा हजारांमागे एक फुगेवाला’ असा हिशेब धरावा, तसा हा प्रकार आहे. हिशेब बरा जमतो, पण ज्या यात्रेत फुगेवाले मुळात कमी येतात तेथे गर्दीचा अंदाजही कमी पडतो. कार्बन आणि ऑक्सिजन कमी असलेल्या लहान दीर्घिकांत नेमके असेच होते.

धुळीचे महत्त्व असे, की हायड्रोजनचे अणू धूलिकणाच्या पृष्ठभागावर एकत्र येऊन रेणू बनतात, आणि तयार झालेल्या रेणूला अतिनील किरणांपासून आडोसा देण्यातही धुळीचा हात असतो. जेथे दाट धूळ तेथे रेण्वीय वायू टिकण्याची शक्यता अधिक. आपल्या आकाशगंगेत वस्तुमानाने धूळ एक भाग तर वायू सुमारे शंभर भाग. म्हणजे धूळ मोजली तर वायूचा अदमास येतो.

आता पहिला निबंध. तो २००७ साली ‘ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स’ या युरोपीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखक नांदेडचे एम. के. पाटील, रायपूरचे एस. के. पांडे, भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे डी. के. साहू आणि पुण्याच्या आयुकाचे अजित केंभावी. विषय होता आद्य प्रकारच्या २६ दीर्घिकांतील धुळीचे गुणधर्म.

पद्धत शाळेतही समजावून सांगता येईल अशी आहे. लंबवर्तुळाकार दीर्घिकेचे तेज केंद्राकडून बाहेर अगदी नितळपणे कमी होत जाते. प्रतिमेवर लंबवर्तुळे बसवून ‘धूळ नसती तर ही दीर्घिका कशी दिसली असती’ याचे नितळ प्रारूप तयार करायचे, आणि प्रत्यक्ष प्रतिमेला त्या प्रारूपाने भागायचे. जेथे धुळीने प्रकाश अडवला तेथे भागाकार एकापेक्षा कमी येतो. निळ्यापासून अवरक्ताच्या सीमेपर्यंत वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून हेच केले की कोणत्या रंगाचा प्रकाश किती अडला हे कळते. या घटीला विलोपन म्हणतात. निळा प्रकाश जास्त अडतो, तांबडा कमी. हा फरक किती, यावरून कणांच्या आकारमानाचा अंदाज येतो. एकूण विलोपन आणि निळा-पिवळा यांतील फरक यांचे गुणोत्तर आपल्या आकाशगंगेत ३.१ धरतात. कण बारीक असतील तर ते कमी भरते.

या २६ दीर्घिकांत ते २.०३ पासून ३.४६ पर्यंत निघाले, सरासरी ३.०२. म्हणजे कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या, अगदी वेगळ्या प्रकृतीच्या दीर्घिकांतील धूळ आपल्या घरच्या धुळीसारखीच आहे. हा निष्कर्ष साधा वाटतो, पण त्याच्या पोटात एक कोडे आहे. अशा कित्येक दीर्घिका सुमारे एक कोटी अंश तापमानाच्या वायूने भरलेल्या असतात. तो वायू क्ष-किरणांत दिसतो. त्याच्या आयनांच्या माऱ्याने धूलिकण झिजून काही कोटी वर्षांत नाहीसा व्हायला हवा. मग ही धूळ आली कुठून, आणि टिकली कशी? निबंधात असेही नोंदले आहे, की ज्या दीर्घिकांत धूळ पट्ट्याच्या रूपाने नीट स्थिरावली आहे तेथे गुणोत्तर कमी असण्याकडे कल आहे, आणि जेथे ती विस्कळीत आहे तेथे जास्त. स्थिरावलेली धूळ जुनी, म्हणून झिजून बारीक झालेली, असा अर्थ लावता येतो. अर्थ आकर्षक आहे. पण २६ दीर्घिका दोन-तीन गटांत वाटल्या तर प्रत्येक गटात किती उरतात ते वाचकांनीच पाहावे. आम्ही याला ‘कल’ म्हणू, ‘नियम’ म्हणणार नाही. लेखकांनीही तो शब्द वापरलेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.

आमचा पहिला आक्षेप निवडीबद्दल आहे. ज्यांत धूळ दिसते अशाच दीर्घिका घेतल्या, तर ‘धूळ कशी आहे’ हे सांगता येते, ‘किती दीर्घिकांत धूळ असते’ हे सांगता येत नाही. निबंधाने तसा दावा केलेला नाही. पण त्याचा हवाला देऊन ‘लंबवर्तुळाकार दीर्घिकांत धूळ असतेच’ असे म्हणणारा वक्ता भेटला तर त्याला येथेच थांबवावे. दवाखान्यातील रांगेवरून गावाचे आरोग्य ठरवू नये.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे, आणि आमच्या मते निबंधातील सर्वांत मोलाची. विलोपनावरून काढलेले धुळीचे वस्तुमान दहा हजार ते दहा लाख सूर्यांइतके भरले. त्याच दीर्घिकांची धूळ आयरस या १९८३ सालच्या अवरक्त उपग्रहाच्या निरीक्षणांवरून मोजली तर ती सुमारे दसपट येते. दोन तराजू, एकच माल, आणि वजनात दहापट तफावत! पुष्कळसे संशोधक अशा वेळी सोयीचा तराजू निवडतात. या निबंधात तफावत समोर मांडून तिचा अर्थ लावला आहे : बरीच धूळ ताऱ्यांच्या मध्ये मिसळलेली आहे आणि ती प्रकाशीय पद्धतीला दिसतच नाही.

ती का दिसत नाही हे वर्गात दाखवता येईल. टेबलावर एकामागे एक अशा दोन रांगांत पाच-पाच पणत्या लावाव्यात. आधी पतंगाच्या गडद कागदाचा पडदा दोन्ही रांगांच्या पुढे धरावा. सगळ्या दहा पणत्या मंद दिसतील. मग तोच पडदा, ज्योतींपासून पुरेसा दूर राहील अशा बेताने, दोन रांगांच्या मध्ये धरावा. आता पुढच्या पाच पणत्या पूर्ण तेजाने दिसतात. मधला पडदा कागदाचा असो की पत्र्याचा, एकूण प्रकाश निम्म्यापेक्षा कमी होऊच शकत नाही. बारावीच्या विद्यार्थ्यांनी २.५ ला २ च्या लॉगॅरिदमने गुणावे, उत्तर ०.७५ येते. म्हणजे दीर्घिकेच्या मध्यभागी अगदी अपारदर्शक पत्रा असला तरी ‘पडदा पुढे आहे’ असे गृहीत धरणारा निरीक्षक विलोपन फार तर पाऊण प्रत एवढेच लिहील. शिवाय जी धूळ ताऱ्यांबरोबर सगळीकडे सारखी पसरली आहे ती नितळ प्रारूपातच मुरून जाते, भागाकारात उरत नाही.

येथे आमचे थोडे वेगळे मत नोंदवतो. आयरसची मोजणी १०० मायक्रॉनपर्यंतच होती. अगदी थंड धूळ त्याहून लांब तरंगलांबीवर प्रकाशते. तेव्हा दसपट मोठा आकडाही कमीच असण्याचा संभव आहे. या तफावतीत एक पद्धत चुकीची आणि दुसरी बरोबर असे मानू नये, दोन्ही खालच्या मर्यादा मानाव्यात. ५०० मायक्रॉनपर्यंत पाहणारी हर्शेल दुर्बीण २००९ ते २०१३ या काळात काम करत होती. या २६ दीर्घिकांपैकी ज्यांची निरीक्षणे तिच्या संग्रहात असतील त्यांचा हिशेब पुन्हा मांडणे हे एखाद्या विद्यार्थ्याला चांगले काम आहे.

दुसरा निबंध २०१२ सालचा, ‘न्यू ॲस्ट्रॉनॉमी’तला. लेखक एन. डी. वागशेट्टे, एम. बी. पांडगे, एस. के. पांडे आणि एम. के. पाटील. विषय एनजीसी १४८२ ही एकच दीर्घिका. हिच्यात तारे थंडपणे जन्मत नाहीत, तेथे ताऱ्यांचा अक्षरशः स्फोटक जन्मोत्सव चालू आहे आणि केंद्रातून तप्त वायू बाहेर फेकला जात आहे. अशा दाहक परिसरातही विलोपनाचे गुणोत्तर ३.०५ निघाले, म्हणजे पुन्हा घरच्यासारखेच. धुळीचे दोन पट्टे सुमारे ३६ हजार प्रकाशवर्षांपर्यंत पसरलेले आढळले, आणि धुळीचे वस्तुमान २ लाख ७० हजार सूर्यांइतके. हा आकडा खालची मर्यादा आहे असे लेखक स्वतःच सांगतात. धुळीची रचना, हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशातील रचना आणि क्ष-किरणांतील रचना एकमेकींशी जुळतात हे त्यांनी दाखवले आहे. निबंधाचा हा भाग आम्हाला सर्वांत समाधानकारक वाटला.

मात्र एका ठिकाणी आमचे पाऊल अडखळते. अतिनवताऱ्यांकडून मिळणारी धूळ दिसणाऱ्या धुळीला पुरत नाही, तेव्हा ती दुसऱ्या दीर्घिकेशी झालेल्या विलीनीकरणासारख्या घटनेतून आली असावी, असा युक्तिवाद आहे. विलीनीकरण झालेही असेल. पण घरातल्या मिळकतीत खर्च भागत नाही एवढ्यावरून पैसा शेजाऱ्याकडून आला असे सिद्ध होत नाही. वृद्ध तांबडे तारे धूळ सोडतात. धूलिकण थंड ढगातील अणू गोळा करून जागच्या जागी वाढतातही. हे पर्याय खोडल्याशिवाय विलीनीकरणापर्यंत जाणे घाईचे आहे. त्यासाठी वायूच्या गतीचा नकाशा लागतो. बाहेरून आलेला वायू पुष्कळदा ताऱ्यांच्या उलट किंवा तिरप्या दिशेने फिरताना सापडतो. तो पुरावा या निबंधाच्या कक्षेबाहेर होता.

धुळीवरून वायूचा केवळ अदमास येतो. प्रत्यक्ष वायू मोजण्याचे काम ॲटलास-थ्रीडी या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने केले. सुमारे १३ कोटी ७० लाख प्रकाशवर्षांच्या आतील आद्य प्रकारच्या दीर्घिका, धूळ दिसो वा न दिसो, त्यांनी घेतल्या आणि स्पेनमधील ३० मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीने त्यांत कार्बन मोनॉक्साइड शोधला. २०११ साली प्रसिद्ध झालेले उत्तर असे : २५९ पैकी ५६ दीर्घिकांत रेण्वीय वायू सापडला, म्हणजे २२ टक्के. वायूचे प्रमाण सव्वा कोटीपासून २०० कोटी सूर्यांपर्यंत. रांगेऐवजी घरोघरी जाऊन केलेली ही पाहणी आहे, आणि ‘वायू नसतो’ हे वाक्य तिच्यापुढे टिकत नाही.

राहिला ‘म्हणून’ हा शब्द. वायू असला की तारे होतातच का? सर्पिल दीर्घिकांतही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही. ‘ढग आकुंचन पावतो आणि तारा बनतो’ असे आपण सांगतो. दर घनसेंटिमीटरला १०० रेणू असलेला ढग स्वतःच्या गुरुत्वाने कोसळायला सुमारे ३० लाख वर्षे पुरतात. आकाशगंगेत रेण्वीय वायू साधारण १०० कोटी सूर्यांइतका आहे. तो सगळा या वेगाने कोसळला तर वर्षाला ३०० सूर्यांइतके तारे व्हावेत. प्रत्यक्षात होतात दोनच्या आसपास! ही विसंगती झुकरमन आणि एव्हान्स यांनी १९७४ साली दाखवून दिली. ढगातील खळबळ, चुंबकीय क्षेत्र आणि नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांचा मारा यांमुळे बहुतेक वायू तारा न बनताच पुन्हा विखुरतो.

जवळच्या सर्पिल दीर्घिकांतील रेण्वीय वायूला दरवर्षी होणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाने भागले तर उत्तर सुमारे २०० कोटी वर्षे येते. बिगिएल आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १८ दीर्घिकांचे सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षांचे तुकडे पाडून हे दाखवले. या काळाला वायू संपण्याचा काळ म्हणतात. लातूरकरांना हा भागाकार समजावण्याची गरज नाही. मांजरा धरणातील साठा भागिले रोजचा उपसा, एवढेच ते गणित. पण या भागाकाराचा अर्थ काय होतो आणि काय होत नाही हेही लातूरकरच जाणतात. वरून पाणी येत राहिले तर साठा संपत नाही. आवक थांबली तर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तशी वेळ येते. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे असताना २०० कोटी वर्षांत संपणारा वायू आजही सर्पिल दीर्घिकांत आहे, याचा अर्थ बाहेरून आवक चालू आहे. मासिकांतून ‘अमुक दीर्घिका इतक्या वर्षांत मरणार’ असे जे छापून येते ते आवक शून्य धरून केलेले भाकीत असते.

याच संदर्भात केनिकट यांचे नाव येते. त्यांनी १९९८ साली ६१ सामान्य आणि ३६ तारास्फोटी दीर्घिकांवरून दाखवले, की वायूची दाटी वाढली की ताराजन्माचा दर तिच्या १.४ या घाताने वाढतो. पुस्तकांत याला नियम म्हणतात. आम्ही सरासरी म्हणू. अल्मा दुर्बिणींनी ९० जवळच्या दीर्घिकांचे सुमारे ३०० प्रकाशवर्षांचे तुकडे दिसतील असे नकाशे काढले, तेव्हा हा संबंध विस्कटलेला दिसला. दाट ढग आहे तेथे पुष्कळदा तरुण तारे नाहीत, आणि तरुण तारे आहेत तेथे ढग उरलेला नाही. ढग एक ते तीन कोटी वर्षेच जगतात. बाजाराच्या दिवशी गावात किती खरेदी झाली हे सांगता येते, एका दुकानाच्या उंबऱ्यावर पाच मिनिटे उभे राहून नाही.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांत प्रश्न उलटा आहे. तेथे तप्त वायू विपुल असतो, तो थंड होऊन रेण्वीय ढग का होत नाहीत? पांडगे आणि सहकाऱ्यांचा २०१२ सालचा एनजीसी ६३३८ वरील निबंध या प्रश्नाकडे वळतो. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांत त्यांना तप्त वायूमध्ये पोकळ्या आढळल्या. केंद्रातील कृष्णविवराच्या उद्रेकांनी त्या पाडल्या, आणि त्या पाडताना खर्च झालेली ऊर्जा वायूला निवू देत नाही. म्हणजे चुलीवर आधण सतत ठेवलेले आहे. चंद्राची जुनी निरीक्षणे सर्वांसाठी खुली असतात, त्यामुळे लातूर-उदगीरसारख्या ठिकाणी स्वतःची दुर्बीण नसतानाही असे काम करता येते, ही गोष्ट विज्ञान शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी.

तेव्हा फळ्यावरचे वाक्य आम्ही असे लिहू : ‘आद्य प्रकारच्या बहुतेक दीर्घिकांत थंड वायू फार कमी असतो, सुमारे पाचांपैकी एकीत तो मोजण्याइतका सापडतो, आणि तप्त वायू थंड होऊ न शकल्याने तेथे तारे क्वचितच जन्मतात.’ वाक्य लांबले आहे. परीक्षेत गाळलेली जागा भरायला ते सोयीचे नाही.

धुळीचा पट्टा असलेली अशी एक दीर्घिका मराठवाड्यातून पाहता येते. नरतुरंग तारकासमूहातील एनजीसी ५१२८ आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. मेच्या अखेरीस रात्री सव्वानऊच्या सुमारास ती बरोबर दक्षिणेस, नांदेडहून क्षितिजाच्या २८ अंश वर येते. लातूरहून किंचित जास्त. आधी ओमेगा सेंटॉरी हा नुसत्या डोळ्यांना अंधूक ताऱ्यासारखा दिसणारा गोलाकार तारकागुच्छ शोधावा. तिथून साडेचार अंश सरळ वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांइतक्या अंतरावर, द्विनेत्रीतून एक पुसट गोल ठिपका दिसतो. सहा ते आठ इंची दुर्बिणीतून, गावापासून दूर आणि चंद्र नसताना, त्याला मधोमध छेदणारा काळा पट्टा दिसू शकतो.